तीस सेकंदांच्या जाहिरातीचं गणित : व्हीएफएक्सचा खर्च कॉम्प्युटरवर नव्हे, आधी कागदावर ठरतो

गणपती ते दिवाळी हा आपल्या भागातला जाहिरातींचा हंगाम. सराफ, साड्यांची दुकानं, मिठाईवाले, गाड्यांचे शोरूम, क्लासेस, सगळ्यांनाच या दिवसांत टीव्हीवर दिसायचं असतं. पूर्वी लोकल केबलवर दुकानाचा एक फोटो, खाली फोन नंबर आणि मागे भारदस्त आवाज एवढ्यावर काम भागायचं. आता ते चालत नाही. राष्ट्रीय चॅनेलवर हवेत उडणारं चॉकलेट आणि चेहऱ्याभोवती फिरणारे दागिने रोज बघणारा ग्राहक गावातल्या दुकानाच्या जाहिरातीकडेही त्याच नजरेने बघतो. त्यामुळे दुकानदाराची मागणीही तशीच असते, "आपल्यालाबी तसलं काहीतरी पाहिजे बघा!"

बैठकीत यानंतर हमखास एक वाक्य येतं. "आता शूट करून घेऊ, बाकीचं कॉम्प्युटरवर करून टाका की!" जाहिरातीच्या धंद्यात यापेक्षा महागडं वाक्य दुसरं नाही. कॉम्प्युटरवर होतं सगळंच, पण काय, किती आणि कसं करायचं हे कॅमेरा सुरू होण्याआधी ठरलं नसेल तर बजेट दुप्पट होतं, तारीख चुकते आणि शेवटी जे हातात येतं ते बघून कोणाचंच समाधान होत नाही. बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर, छोट्या जाहिरातदाराचे पैसे इथेच वाया जातात. म्हणून ही सगळी प्रक्रिया आज जरा सविस्तर बघू.

आधी शब्द नीट समजून घेऊ

शूटिंगच्या जागीच खरा पाऊस पाडला, धूर सोडला, काचेचं भांडं फोडलं, तर त्याला स्पेशल इफेक्ट म्हणतात. चित्रीकरण झाल्यावर त्या दृश्यात कॉम्प्युटरने काही घातलं, काढलं किंवा बदललं तर तो व्हिज्युअल इफेक्ट, म्हणजेच व्हीएफएक्स. सगळंच चित्र कॉम्प्युटरवर किंवा हाताने तयार केलं तर ते अ‍ॅनिमेशन. आणि अक्षरं, लोगो, भाव, ऑफर हे सगळं हलतं-फिरतं दाखवणं म्हणजे मोशन ग्राफिक्स. कोटेशन मागताना आपल्याला यातलं नेमकं काय हवं आहे ते माहीत असलं पाहिजे. गावपातळीवरच्या बऱ्याच जाहिरातींना खरं तर चांगलं मोशन ग्राफिक्स पुरेसं असतं, पण पैसे मात्र व्हीएफएक्सच्या नावाने मोजले जातात.

ही कला आपल्याला नवी नाही. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी 'अंकुराची वाढ' नावाची छोटी फिल्म केली होती. कुंडीतलं बी रुजून त्याचं रोप होईपर्यंत ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घ्यायची आणि मग ती सगळी सलग दाखवायची, अशी ती युक्ती. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसलं आणि ते बघूनच त्यांच्या पुढच्या सिनेमासाठी पैसा उभा राहिला. यात संगणक कुठेच नव्हता, होतं ते नियोजन. कुंडी हलवायची नाही, कॅमेरा हलवायचा नाही, रोजचं काम चुकवायचं नाही. आजच्या व्हीएफएक्सचंही मूळ सूत्र हेच आहे.

७५० चित्रांचा हिशेब

भारतात टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने चालतं. म्हणजे तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे ७५० स्वतंत्र चित्रं. व्हीएफएक्सचं काम या प्रत्येक चित्रावर होतं. नटीच्या मागची भिंत बदलायची असेल आणि ते दृश्य चार सेकंदांचं असेल, तर तिच्या केसांची कड १०० चित्रांमध्ये बरोबर कापली गेली पाहिजे. एका चित्रात चुकली तरी डोळ्याला तिथे काहीतरी खटकतं.

शिवाय कॉम्प्युटरने तयार केलेलं दृश्य पडद्यावर येण्याआधी मशीनला ते मोजून काढावं लागतं. प्रकाश कुठून येतो, कशावर आपटतो, सावली कुठे पडते हे प्रत्येक ठिपक्यासाठी काढायचं, याला रेंडर म्हणतात. समजा एका फ्रेमला अर्धा तास लागला, तर चार सेकंदांच्या १०० फ्रेमना एका मशीनवर ५० तास लागतील. दहा मशीन लावल्या तर ५ तास. आता रेंडर झाल्यावर मालक म्हणाले, "रंग जरा गडद करा", आणि तो बदल मूळ दृश्यातच करायचा असेल, तर तेवढेच तास पुन्हा. म्हणूनच 'छोटासा बदल' हा शब्द स्टुडिओवाल्यांना घाबरवतो. कागदावर तोच बदल खोडरबराने होतो.

कुंद्याची जाहिरात : एक उदाहरण

आता एक काल्पनिक जाहिरात घेऊ. बेळगावातल्या एका मिठाईवाल्याला आपल्या कुंद्याची तीस सेकंदांची जाहिरात करायची आहे. कल्पना अशी, की स्वयंपाकघरात आजी दूध आटवते आहे. पातेल्यातून दुधाची धार वर उठते, हवेत गिरकी घेते, घेता घेता तिचा रंग पांढऱ्याचा तपकिरी होतो आणि ती अलगद डब्यात कुंदा होऊन उतरते. खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसतो. शेवटी नातू घास घेतो, डबा, नाव, पत्ता.

ऐकायला छान आहे. हे कागदावर कसं उतरतं ते बघा.

पहिली पायरी स्टोरीबोर्ड. प्रत्येक दृश्याचं चित्र काढायचं. कॅमेरा कुठे, माणूस कुठे, धार कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जाते, हे सगळं त्यात यायला हवं. चित्रं सुंदर नसली तरी चालतं, नेमकी हवीत. ही चित्रं तात्पुरत्या आवाजावर वेळेप्रमाणे लावली की अ‍ॅनिमॅटिक तयार होतं, म्हणजे जाहिरातीचा कच्चा सांगाडा. इथेच कळतं की आपण लिहिलेली जाहिरात तीस सेकंदांची नसून बेचाळीसची आहे. टीव्हीवरची वेळ दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते, तेव्हा हे शूटिंगनंतर कळलं तर चित्रित केलेली, पैसे मोजलेली दृश्यं कापून टाकावी लागतात.

दुसरी पायरी दृश्यांची फोड. आपल्या जाहिरातीत बारा दृश्यं आहेत असं धरा. त्यातल्या आठ दृश्यांना व्हीएफएक्स लागतच नाही. उरलेली चार अशी :

- दुधाची धार आणि तिचा कुंदा होणं. सगळ्यात अवघड.
- खिडकीबाहेरचा बुरूज. मध्यम काम.
- दुकानाबाहेरच्या रस्त्यावरच्या लोंबणाऱ्या वायरी आणि दुसऱ्याच कुणाचा तरी बोर्ड काढून टाकणं. साफसफाईचं काम.
- शेवटचा डबा, चमक आणि अक्षरं. सोपं, पण सगळ्यांची नजर इथेच असते.

तिसरी पायरी, प्रत्येक दृश्यासाठी 'हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने स्वस्तात होईल का' हा प्रश्न. दुधाची धार पूर्णपणे कॉम्प्युटरवर करायची तर द्रवपदार्थाचं सिम्युलेशन करावं लागतं, म्हणजे दुधाचा चिकटपणा, वजन, वेग हे आकडे घालून मशीनकडून त्याची हालचाल काढून घ्यायची. वेळखाऊ आणि महाग. दुसरा मार्ग म्हणजे हाय-स्पीड कॅमेरा. सेकंदाला १००० फ्रेमने टिपलं आणि २५ ने दाखवलं, तर एका सेकंदाची धार पडद्यावर ४० सेकंद चालते. काळ्या कापडापुढे खरं दूध ओतून, उडवून असे दहा-पंधरा तुकडे घ्यायचे आणि त्यातले दोन-तीन जोडून गिरकी तयार करायची. धार वर चढताना दाखवायची तर खाली पडणारी धार उलटी फिरवायची. कॉम्प्युटरला उरतं फक्त जोडकाम आणि रंग. खरं दूध खऱ्यासारखंच दिसतं, त्यावर वाद होत नाही.

खिडकीतला बुरूजही तसाच. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या संरक्षित वास्तूत व्यावसायिक चित्रीकरण करायचं तर परवानगी आणि शुल्क आलं. पण आपल्याला तो खिडकीतून, धूसर, दोन सेकंदच दिसायला हवा आहे. मग रंगवलेला पडदाही चालेल, किंवा खिडकीत ग्रीन स्क्रीन लावून मागे रंगवून घेतलेलं डिजिटल चित्र बसवता येईल.

इतकं ठरल्यावर चौथी पायरी, शूटिंगआधीची सर्वांची बैठक. दिग्दर्शक, कॅमेरामन, कलादिग्दर्शक, व्हीएफएक्स सुपरवायझर आणि ग्राहक एका टेबलावर. प्रत्येक दृश्याचं चित्र बघून होकार, आणि तो लेखी. नंतरच्या निम्म्या भांडणांचं उत्तर या कागदात असतं.

शूटिंगच्या दिवशी काय सांभाळायचं

व्हीएफएक्स सुपरवायझर शूटिंगला हजर हवा. 'एका दिवसाचे पैसे वाचतील' म्हणून त्याला टाळणं ही खोटी काटकसर. तो तिथे नुसता उभा नसतो. कॅमेऱ्याची उंची, लेन्स, वस्तूंमधलं अंतर टेपने मोजून लिहून घेतो. माणसं बाजूला करून तेच दृश्य रिकामं चित्रित करून घेतो. याला क्लीन प्लेट म्हणतात. रस्त्यावरची वायर काढायची, तर तिच्यामागची भिंत या रिकाम्या दृश्यातूनच मिळते. एक चकचकीत गोळा आणि एक करडा गोळा कॅमेऱ्यापुढे धरून प्रकाश कुठून किती येतो याची नोंद करतो. नंतर कॉम्प्युटरमधल्या डब्यावर तसाच प्रकाश टाकायचा असतो, नाहीतर डबा चिकटवल्यासारखा दिसतो.

ग्रीन स्क्रीनबद्दल आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावं. पडदा हिरवाच का, तर माणसाच्या त्वचेत हिरवा रंग कमी असतो आणि बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे ठिपके लाल-निळ्याच्या दुप्पट असतात. त्यामुळे तो रंग स्वच्छ वेगळा काढता येतो. पण आपल्या घरातल्या समारंभांचा रंगच हिरवा! हिरवा चुडा, हिरवी साडी, केळीचं पान, आंब्याचं तोरण, विड्याची पानं. हिरव्या पडद्यापुढे हिरवा चुडा घातलेली नवरी उभी केली, की कॉम्प्युटर पडद्याबरोबर तिच्या बांगड्याही गायब करतो. मग प्रत्येक फ्रेममध्ये त्या हाताने वाचवाव्या लागतात. अशा वेळी निळा पडदा लावायचा. तोही साडीच्या काठाचा रंग बघून.

सराफांसाठी आणखी एक गोष्ट. सोनं, चांदी, पितळेची भांडी आरशासारखी असतात. आजूबाजूला हिरवा पडदा असेल तर ठुशीवर, नथीच्या मोत्यांवर हिरवी झाक येते आणि ती काढताना सोन्याचा रंगच मरतो. दागिना खऱ्या, साध्या पार्श्वभूमीवर घेतलेला कधीही बरा. पडदा लावायचाच झाला तर तो लहान ठेवायचा आणि माणसापासून लांब.

कॉम्प्युटरवर नेमकं होतं काय?

आधी संकलन पक्कं होतं. कोणतं दृश्य किती फ्रेमचं हे ठरल्याशिवाय इफेक्टचं काम सुरू करू नये, कारण नंतर कापल्या गेलेल्या प्रत्येक सेकंदामागे पंचवीस चित्रांची मेहनत असते. मग कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी उतरवली जाते, म्हणजे खोटा डबा खऱ्या टेबलावर घसरत नाही. माणसांच्या, वस्तूंच्या कडा कापल्या जातात. हे रोटोचं काम, आणि या क्षेत्रात येणारी बरीच मुलं इथूनच सुरुवात करतात. लागतील त्या वस्तूंचं मॉडेल बनतं, त्याला रंग-पोत चढतो, हालचाल दिली जाते, प्रकाश दिला जातो, रेंडर होतं.

शेवटी कंपोझिटिंग. चित्रित झालेलं दृश्य, दुधाचे तुकडे, बुरूज, डबा, वाफ, हे सगळे थर एकावर एक ठेवून एकच दृश्य असल्यासारखे जुळवायचे. सावली, धूसरपणा, चित्रातली दाणेदारी सगळं सारखं. हा सगळ्यात कसबाचा भाग. चांगलं झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता एआयने दोन मिनिटांत व्हिडिओ निघतो, मग एवढा उद्योग कशाला, असं कोणी विचारेल. कच्ची कल्पना दाखवायला, स्टोरीबोर्डला एआय कामाला येतं. पण तुमचाच डबा, तुमचंच बोधचिन्ह, तीच अक्षरं, प्रत्येक दृश्यात तीच आजी हवी असेल तिथे ते घसरतं. एका दृश्यात डब्यावरचं नाव बरोबर येतं, पुढच्यात अक्षरं वितळलेली असतात. शिवाय तयार झालेल्या चित्रावर हक्क कोणाचा, त्यात कोणाचा चेहरा मिसळला आहे का, हे प्रश्न आहेतच.

झूझूंनी दिलेला धडा

२००९ च्या आयपीएलमध्ये व्होडाफोनच्या झूझूंनी धमाल केली होती. पांढरी शरीरं, अंड्यासारखी डोकी. बहुतेकांना ते अ‍ॅनिमेशन वाटलं. प्रत्यक्षात ती पोशाख घातलेली माणसं होती. ओगिल्वी एजन्सीची ती मोहीम प्रकाश वर्मा यांच्या निर्वाणा फिल्म्सने दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला चित्रित केली. ऐन स्पर्धेत रोज नवी जाहिरात दाखवायची, तर एवढ्या कमी वेळात तेवढं अ‍ॅनिमेशन होणं अवघड. म्हणून माणसंच अ‍ॅनिमेशनसारखी दिसतील अशी व्यवस्था केली. अंगाला ठिकठिकाणी भर घातलेले पोशाख, डोक्याला कडक कवच, त्यावर चिकटवलेले चेहऱ्याचे भाव, साधी करडी पार्श्वभूमी आणि कार्टूनसारखी तुटक हालचाल. हे सगळं आधी तपासून बघितलेलं होतं. म्हणून तीसच्या आसपास जाहिराती थोड्या दिवसांत उरकल्या.

दुसरं उदाहरण होंडाच्या 'कॉग' या २००३ च्या ब्रिटिश जाहिरातीचं. गाडीचे सुटे भाग एकमेकांना धक्का देत दोन मिनिटं साखळीसारखे हलत राहतात. ६०६ वेळा प्रयत्न करावा लागला असं सांगतात. बघणाऱ्याला ते एकच सलग दृश्य वाटतं, पण ते दोन भागांत घेऊन मध्ये कॉम्प्युटरने जोडलेलं आहे. जोड कुठे येणार हे आधीच ठरलेलं होतं. दोन्ही जाहिरातींत कॉम्प्युटरचा वापर गरजेपुरताच होता, आणि ती गरज किती हे आधी ठरवलेलं होतं.

दोन भाषा, एक जाहिरात

सीमाभागातल्या जाहिरातदाराला जो प्रश्न पुण्या-नाशिकच्या माणसाला क्वचितच पडतो तो हा. बेळगावच्या दुकानदाराला तीच जाहिरात मराठीत हवी आणि कन्नडातही. गोव्यात मराठी, कोंकणी, इंग्रजी. हैदराबादेत तेलुगू, इंदूर-ग्वाल्हेरात हिंदी. आणि इथेच पैसे दोनदा जातात.

स्टुडिओ शेवटी एक तयार फाइल देतो, त्यात अक्षरं चित्रात भाजलेली असतात. चार महिन्यांनी कन्नड आवृत्ती हवी झाली, की त्या अक्षरांमागचं चित्रच उपलब्ध नसतं. ते पुन्हा तयार करण्याचे पैसे वेगळे. म्हणून पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, अक्षरांशिवायची पूर्ण जाहिरात. दोन, आवाज, संगीत आणि इतर ध्वनी वेगवेगळे. तीन, अक्षरांचे थर असलेली मूळ प्रोजेक्ट फाइल.

नियोजनातही हे धरता येतं. आजी कॅमेऱ्याकडे बघून लांबलचक संवाद बोलणार असेल तर दुसऱ्या भाषेत ओठ जुळणार नाहीत. तेच निवेदन मागून आलं तर फक्त आवाज बदलून काम होतं. एखादं वाक्य बोलायचंच असेल, तर सेटवर दोन्ही भाषांत ते दृश्य घ्यावं. तिथे दहा मिनिटं जातात, नंतर दहा दिवस.

देवनागरीची आणखी एक गंमत, खरं तर दुखणं. ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींची सेटिंग चालू नसेल, तर वेलांटी अक्षर सोडून पळते, जोडाक्षर फुटतं, 'र्' चा रफार भलत्याच अक्षरावर बसतो. काम करणारा मुलगा मराठी वाचणारा नसेल तर त्याला ते कळतही नाही. अक्षरं हलू लागण्याआधी स्थिर चित्रावर मराठी जाणणाऱ्याने ती तपासून सही करावी. कन्नडचंही तसंच. टीव्हीवर रोज दहा वेळा चुकलेलं नाव दिसण्यापेक्षा हे सोपं.

कल्पना चालते, खोटा पुरावा चालत नाही

व्हीएफएक्सने काहीही दाखवता येतं म्हणून काहीही दाखवावं असं नाही. याचं जुनं उदाहरण अमेरिकेतलं. कोलगेट-पामोलिव्हच्या रॅपिड शेव्ह या दाढीच्या क्रीमच्या जाहिरातीत सँडपेपरवर क्रीम लावून लगेच तो वस्तऱ्याने साफ केलेला दाखवला होता. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हता, प्लास्टिकच्या काचेवर वाळू चिकटवलेली होती. खरा सँडपेपर भिजायला सुमारे ८० मिनिटं लागत. १९६५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक ठरवली.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जून २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक मुद्दा आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे. दावा ज्या भाषेत केला आहे त्याच भाषेत त्याचा खुलासाही असला पाहिजे. म्हणजे 'अमुक दिवसांत फरक' मराठीत मोठ्याने सांगायचं आणि 'अटी लागू' इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत, हे चालत नाही. शिवाय खुलाशाने मूळ दावाच खोटा पडता कामा नये.

आपल्या कुंद्याच्या जाहिरातीला हे लावून बघा. दूध हवेत उडतं हे कोणी खरं मानत नाही, ती कल्पना आहे. पण पाव किलोचा डबा कॉम्प्युटरवर मोठा करून अर्ध्या किलोसारखा दाखवला, किंवा नसलेले काजू-बदाम वर पेरले, तर तो मालाविषयीचा खोटा पुरावा झाला. केस गळणं, गुडघेदुखी, गोरेपणा यांच्या 'आधी' आणि 'नंतर'च्या चित्रांना हेच लागू. ग्राहक ज्यावर विश्वास ठेवून पैसे देतो, तिथे इफेक्टला हात लावायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कोटेशन कसं वाचायचं

व्हीएफएक्सचं कोटेशन म्हणजे मुख्यतः माणसं आणि दिवस. अमुक दृश्याला इतके कलाकार, इतके दिवस, वर मशीन आणि सॉफ्टवेअरचा खर्च. त्यामुळे 'व्हीएफएक्स : एकूण अमुक रुपये' अशी एकच ओळ असेल तर ते कोटेशन परत करावं आणि दृश्यवार मागावं. तेव्हाच कळतं की बजेटचा मोठा वाटा त्या एका दुधाच्या गिरकीवर जातो आहे, आणि ती ठेवायची की साधी करायची हे आपण ठरवू शकतो.

करार करताना हे मुद्दे लेखी घ्या :

- कोणत्या दृश्यात काय होणार, स्टोरीबोर्डच्या चित्रासह.
- किती वेळा बदल मोफत, आणि त्यानंतर एका बदलाचे किती. 'बदल' आणि 'नवीन काम' यातला फरक स्पष्ट हवा.
- तपासणीचे टप्पे. आधी राखाडी, कच्च्या रूपात हालचालीला मंजुरी, मग रंग-प्रकाश, मग अंतिम. हालचालीला हो म्हटल्यावर शेवटी ती बदलायची नाही.
- मंजुरी कोण देणार, त्या एका माणसाचं नाव. मालक, मुलगा, जावई आणि अकाउंटंट चौघांनी चार दिशांना सूचना दिल्या तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात.
- तीस, वीस आणि दहा सेकंदांच्या आवृत्त्या, तसंच मोबाईलसाठी उभी आवृत्ती. उभं चित्र लागणार असेल तर शूटिंगच्या वेळीच कॅमेरामनला सांगावं, नाहीतर डबा कडेला कापला जातो.
- कलाकाराचा चेहरा, संगीत आणि विकत घेतलेली दृश्यं किती काळ, कोणत्या माध्यमात वापरता येतील.
- अक्षरांशिवायची प्रत आणि मूळ फाइल कोणाकडे राहणार. पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करून घेणारा असतो असं कॉपीराइट कायदा सांगतो. पण कामाच्या मूळ प्रोजेक्ट फाइल्सवरून भांडणं होतातच, म्हणून ते वेगळं लिहावं.
- पैसे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्पा मंजुरीला बांधलेला.

कराचाही विचार आधी करा. या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. नेहमीच्या नोंदणीतल्या व्यापाऱ्याला तो इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो. स्टुडिओ पुण्याचा आणि दुकान बेळगावचं असेल तर बिलावर आयजीएसटी येईल, पण क्रेडिट त्याचंही मिळतं, फक्त बिलावर आपला जीएसटी नंबर बरोबर हवा. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मात्र क्रेडिट नाही. त्याच्यासाठी एक लाखाचं काम म्हणजे एक लाख अठरा हजारांचं काम, हे धरूनच बजेट ठरवावं.

काम करणाऱ्या मुलांविषयी

आपल्याकडची बरीच मुलं हे शिकायला पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबादला जातात. क्षेत्र मोठं आहे, पण पक्कं नाही. जाहिरातींच्या इफेक्टसाठी जगभर नाव असलेला 'द मिल' हा स्टुडिओ ज्या टेक्निकलर समूहात होता, तो समूह फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळला आणि बेंगळुरू-मुंबईतल्या कामगारांवरही त्याची कुऱ्हाड पडली. लाखोंची फी भरण्याआधी मुलाने ब्लेंडरसारखं मोफत सॉफ्टवेअर घेऊन घरच्या कॉम्प्युटरवर सहा महिने काम करून बघावं. नोकरी देताना स्टुडिओ मुख्यतः केलेल्या कामाची शोरील बघतात, नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही. आणि स्थानिक जाहिरातदारांनी काम दृश्यवार, लेखी आणि वेळेत ठरवलं, तर अशा मुलांना गावातच दोन पैसे मिळू शकतात. सध्या बदलांची रांग संपत नाही म्हणून चांगली मुलं लोकल काम घेत नाहीत, ही त्यातली खरी अडचण आहे.

म्हणून या हंगामात जाहिरात करायची असेल, तर पहिला खर्च कॅमेऱ्यावर करू नका. चित्र काढणारा एक माणूस बोलवा, बारा चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनाखाली लिहा : इथे काय खरं, काय कॉम्प्युटरवर, आणि याचे किती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या चौकोनाखाली लिहिता येत नाही, ते दृश्य अजून शूट करायला तयार नाही असं समजा.